हद्द आभाळापर्यंत

११ जानेवारी

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते तू एकदा शिकवलं होतंस. मी विसरले. नमस्कार केलाय असं समज. फोन तू उचलत नाहीस, दोन वर्षं झाली, म्हणून लिहायला बसले. तुझ्या नर्सांच्या हॉस्टेलचा पत्ता जुन्या पाकिटावरून एकेक अक्षर बघून उतरवलाय. तरी चुकला असेल तर हे पत्र भलत्याच बाईला मिळेल. बाई, तुम्ही असाल तर पुढे वाचू नका.

आम्ही बऱ्या आहोत. हे बोटीवर आहेत, जूनशिवाय यायचे नाहीत. तिथे इंजिनाच्या खोलीत फोन लागत नाही, कधी लागलाच तर मी सगळं छान आहे म्हणते. गुंडी चौदा महिन्यांची झाली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती, दवाखान्यातली नर्स म्हणाली, ही तर शर्टाची गुंडी. तेच पडलं. तुम्हा नर्सांना पोरांची नावं ठेवायची भारी घाई.

लिहायला कारण असं. आपल्या शेजारचा रिकामा प्लॉट आठवतो ना, जिथे तू सायकल शिकलीस आणि मी नुसती मागे धावले. तिथे चार महिने झाले, जाहिरातीचा एक फलक उभा आहे. छोटा नाही. आपलं घर एकावर एक दोनदा ठेवलं तर होईल एवढा. लोखंडी खांब, आडव्या पट्ट्या, तिरक्या पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं चित्र. रस्त्यावरच्या लोकांना चित्र दिसतं, आपल्याकडे त्याची पाठ. म्हणजे नुसत्या बरगड्या, गंज, लोंबणाऱ्या वायरी आणि कावळ्यांनी नेऊन ठेवलेला कचरा. वरच्या खोलीची खिडकी उघडली की समोर तेच. आधी टेकडीपर्यंत दिसायचं. फार वाईट दिसतं गं. एखादा खूप मोठा माणूस आपल्या दाराशी पाठ करून उभा राहावा आणि हलूच नये, तसं.

घर तुझ्या नावावर आहे म्हणून कळवलं. आमचं काय, आम्ही राहतोय.

तुझी धाकटी


१९ जानेवारी

ताई,

नगरपालिकेच्या कचेरीबाहेर छत्रीखाली टाइपरायटर घेऊन एक काका बसतात, लोकांना अर्ज लिहून देतात. त्यांच्याकडे गेले. गुंडी कडेवर होती, तिने टाइपरायटरचं एक बटण उपटायला घेतलं, तरी ते चिडले नाहीत. मी म्हटलं, काका, घराशेजारी एवढं घाणेरडं दिसणारं काहीतरी उभं केलंय, यावर काही कायदा आहे का. ते म्हणाले, घाणेरडं दिसण्यावर कायदा असता तर निम्मं गाव पाडावं लागलं असतं, आणि सगळ्यात आधी माझी ही छत्री गेली असती.

मग त्यांनी नीट समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. काय दिसावं यावर आपला हक्क नसतो. टेकडी दिसायची, आता दिसत नाही, याला कुणी विचारत नाही. खिडकीतून वर्षानुवर्षं येणारा उजेड आणि वारा, यावर थोडा हक्क असतो, पण तो सिद्ध करता करता तुझी पोर शाळेत जायला लागेल म्हणाले. धोका असेल तर तक्रार लगेच घ्यावी लागते. आणि मग हद्द. हद्द म्हणजे काय नुसती जमिनीवरची रेघ नाही पोरी, असं म्हणाले. तुझ्या भिंतीवरून ती सरळ वर जाते. वरून कुणाचं काही तुझ्याकडे झुकलं, तर ते तुझ्या घरात शिरल्यासारखंच.

ताई, हे ऐकून मला काय झालं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपली आणि गुंडीला पोटावर घेऊन गच्चीत आडवी झाले. कठड्याच्या कडेने मनातल्या मनात रेघ वर ओढत गेले. फलकाच्या वर, तारांच्या वर, घारीच्या वर. एक ढग आला, आपल्या हद्दीत शिरला, आपल्या घरावरून सावकाश गेला आणि कुणाला न विचारता पलीकडे बाहेर पडला. इतकी जागा आपली आहे हे मला माहीतच नव्हतं. गुंडी माझ्या छातीवर लाळ गाळत झोपली होती, माझाही डोळा लागला. झोपेत बाबा दिसले. त्या रेघेच्या पार वरच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते आणि विचारत होते, मधल्या खोलीतला पंखा कोण बंद करणार. जाग आली तेव्हा अंगावर होती ती फलकाची सावली पायाशी जाऊन बसली होती.

तर फलकाचं वरचं टोक आपल्या गच्चीवर हातभर आलंय. मी खाली कपड्यांची काठी धरून अंदाजाने मोजलं. काका म्हणाले, मग अर्ज करता येईल, पण तो घरमालकाच्या सहीने. मी विचारलं, राहणाऱ्याच्या सहीने नाही चालत का. म्हणाले, राहणाऱ्याने फार तर रडायचं. मग म्हणाले, धोका असेल तर कुणीही सांगू शकतं, तसं काही आहे का. मी म्हटलं, नाही.

सोबत अर्ज पाठवते. फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. परत पाठवायचं पाकीटही आत आहे, तुला शोधायला नको.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

अर्ज आला नाही. तुला ड्युट्या असतात, मला माहीत आहे.

काका म्हणाले, तिची वाट कशाला बघतेस, बहिणीचीच तर सही, कुठूनही आण. दुसरा अर्ज टाइप करून दिला. तो मी पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवला, पेन हातात घेतलं. मग पेन ठेवलं आणि भांडी घासली. घासलेली परत घासली.

तुला वाटेल ही सारखी रडगाणं गाते, म्हणून एक चांगलं लिहिते. सकाळी ऊन फलकाच्या पुढच्या बाजूने येतं. तेव्हा ते चित्र आतून दिवा लागल्यासारखं होतं आणि आपल्या बाजूला उलटं दिसतं. गादीची जाहिरात आहे. एक बाई झोपलेली, गाल उशीवर, केस पसरलेले. तिचं नुसतं कपाळच आपल्या खिडकीएवढं आहे. पंधरा-वीस मिनिटं असते. मग ऊन चढलं की ती विरघळते आणि परत बरगड्या. मी गुंडीला सांगितलंय, ही मावशी. तुझा फोटो दाखवला तर ती तोंड फिरवते, पण त्या बाईला बघून हात हलवते. मावशी झोपली आहे, हळू बोलायचं, असं म्हणून आम्ही दोघी सकाळी कुजबुजतच वावरतो.

चित्रात वारा जावा म्हणून जागोजागी कोरीव काप दिलेत, चंद्रकोरीसारखे. त्यांतून ऊन येतं आणि वरच्या खोलीभर उन्हाच्या कोरी पडतात. त्या भिंतीवरून उतरून जमिनीवर चालत येतात आणि मग कुठे जातात कळत नाही. वारा सुटला की सगळा सांगाडा गुणगुणतो. कानाला नाही, पोटात ऐकू येतं. गुंडीला त्याने झोप लागते. माझी उडते.

आम्ही हल्ली वर झोपत नाही. वरच्या खोलीचा पत्रा गळतो म्हणून खाली स्वयंपाकघरात अंथरूण घालतो. एकदा फलकाचा छोटासा नट गच्चीत पडला होता, पण काही झालं नाही. काळजी करू नकोस. तू करत नसशीलच.

धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

काल पत्र पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून परत काढायला बघत होते. हात मनगटापर्यंतच जातो. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, बाई, प्रेमपत्र आहे का. मी म्हटलं, नाही, खोटं आहे.

नट नव्हता. बोल्ट आहे, माझ्या मुठीएवढा. गच्चीत नाही पडला. वरच्या खोलीचा पत्रा फोडून आत पडला, गुंडीच्या गादीवर. दहा मिनिटं आधी मी तिला खाली दूध पाजायला नेलं होतं. गादीला भोक पडलं, त्यात माझी तीन बोटं जातात. मी त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. गादी उलटी केली. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक गोल खाली पडायचा आणि मी वेड्यासारखी त्या गोलात हात धरून बसायचे, किती वेळ ते आठवत नाही. गुंडी येऊन तो गोल माझ्या हातातून उचलायला बघायची.

का नाही सांगितलं ते आता लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही.

सप्टेंबरात फलकवाला आला होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, अगदी गोड बोलणारा. म्हणाला, शेजारचा प्लॉट आम्ही घेतलाय, फक्त एक आधाराचा पाय तुमच्या गच्चीच्या कोपऱ्यात रोवायचाय, बदल्यात तुमचा गळका पत्रा नवा घालून देतो. मग विचारलं, घरमालकीण आपणच ना. ताई, मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी कुणाची तरी धाकटी, कुणाची तरी बायको, गुंडीची आई. मी हो म्हटलं.

त्याने चार पानं काढली, ना-हरकत पत्र. म्हणाला, वाचून घ्या. मी डोळे ओळींवरून फिरवले, तू फिरवायचीस तसे. पान उलटायला बरोबर तेवढाच वेळ घेतला. सगळ्या कागदात मला एकच शब्द धड लागला, स्वखुशीने. खाली तुझं नाव छापलं होतं. घरपट्टीच्या बिलावरून घेतलं असणार.

मी तुझी सही केली.

मला ती येते हे तुला माहीत आहे. तूच शिकवलीस. तू ड्युटीवर असायचीस आणि तुझी रजिस्टर पत्रं, पार्सलं यायची. पोस्टमन सहीशिवाय देत नव्हता, परत नेलं की तुला तीन मैल जाऊन आणावं लागायचं. मग तू जुन्या वहीत पानभर सह्या केल्यास आणि मला गिरवायला लावल्यास. शेवटच्या अक्षराची शेपूट अशी खाली ओढायची, मांजर उडी मारते तशी. आपल्या घरात सही एकच होती, दोघींत मिळून. माझी म्हणून मी कधी केलीच नाही. लग्नाच्या कागदावरसुद्धा अक्षराला अक्षर जोडून नुसतं नाव लिहिलं.

आणि खरं सांगायचं तर हेही खरं नाही पूर्ण. माझं लग्न झाल्यावर मी म्हटलं होतं, घरावर माझंही नाव लाव. तू म्हणालीस, आधी कागद वाचायला शीक, मग लावते. मी म्हटलं, मग जा. तू दुसऱ्या दिवशी गेलीस. मला तेव्हापासून एकदा तरी एक कागद एकटीने निस्तरायचा होता. तुला दाखवायचं होतं. बघ, आला, बघितला, सही केली, पत्राही नवा येणार. पत्रा आला नाही. भेगेत सिमेंटचा एक गोळा थापून गेले.

आता फाइलमध्ये तुझी संमती आहे. मी धोक्याची तक्रार केली की ती फाइल उघडणार. खोटी सही म्हणजे पोलीस. मला आत टाकलं तर गुंडी कुठे जाईल. हे तर पाण्यावर. म्हणून काकांना धोका नाही म्हटलं. पण बोल्ट काही एकच नसेल ना गं. मी खिडकीत बसून मोजते. त्र्याऐंशीपर्यंत गेले की डोळे पाणावतात आणि परत पहिल्यापासून.


२० फेब्रुवारी

ताई,

कचेरीत जाऊन आले. बोल्ट पिशवीत घालून नेला, वरून गुंडीचे कपडे. तिथल्या मोठ्या अधिकारी म्हणजे एक मॅडम आहेत. त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला तेव्हा ठक असा आवाज झाला आणि सगळ्यांनी माना वर केल्या. धोका आहे एवढं सांगितलं. सहीचं बोलायला गेले तर जीभ वळली नाही.

त्यांनी माणूस पाठवला. फलकवाल्यानेही दोन माणसं आणली, त्यांनी बोल्ट आवळल्यासारखे इकडेतिकडे पाने फिरवले, रंग मारला आणि आलेल्या माणसाने लिहिलं, ठीक आहे. तो गेला आणि संध्याकाळी वारा सुटल्यावर परत सगळं गुणगुणायला लागलं, फक्त आता रंगाचा वास येत होता.

काका म्हणाले, कागदावर तुझ्या बहिणीने तीन वर्षांची संमती दिली आहे. दिली की मधेच काढून घेता येत नाही. पण मुळात दिलीच नव्हती असं निघालं तर गच्चीतला पाय त्यांना काढावा लागेल, आणि तो पाय काढला की फलक उभा राहू शकत नाही. एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मग टाइपरायटरवरची धूळ पुसायला लागले. त्यांना कळलं असावं.

सुनावणी ५ मार्चला अकरा वाजता आहे. नोटीस तुला तिथल्या पत्त्यावर येईल. मॅडम तुला कागद दाखवून विचारतील, ही सही तुमची का. तू नाही म्हण. बाकी काही करू नकोस. माझ्या बाजूने बोलू नकोस आणि माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर तुला ते म्हणता येणार नाही.

मला काही झालं तर गुंडीला रात्री पाठीवर नाही, पायाच्या तळव्यावर थोपटलं की झोप लागते. हे कुणाला माहीत नाही म्हणून लिहून ठेवलं.


६ मार्च

ताई,

काल तू तिथेच होतीस. तरी लिहिते. तुला जे दिसलं ते तुला दिसलं, मला दिसलं ते मी सांगते.

तू जिन्याने वर आलीस तेव्हा मी ओळखलंच नाही. कानाजवळ केस पांढरे झालेत. तू गुंडीकडे बघितलंस आणि लगेच भिंतीवरच्या घड्याळाकडे, जसं काही तेच बघायला आली होतीस. मग माझ्याजवळून जाताना ओठ न हलवता म्हणालीस, तोंड बंद ठेव, पोर आहे कडेवर. दोन वर्षांनी भेटलीस आणि पहिलं वाक्य हे. मला इतकं बरं वाटलं.

आत सगळं पाण्याखाली चालल्यासारखं होतं. वरचा पंखा सावकाश फिरत होता, फायलींची टोकं माशांच्या शेपटासारखी हलत होती. मॅडम बोलायच्या आणि आवाज जरा उशिराने यायचा. त्यांनी कागद तुझ्यापुढे सरकवला. तू चष्मा लावलास, चष्मा नवीन आहे. नीट बघितलंस. मी डोळे मिटून नाहीची वाट बघत होते.

तू म्हणालीस, "हो. माझीच."

फलकवाल्याने तुला जन्मात बघितलं नव्हतं. तोही लगेच उठून म्हणाला, हो मॅडम, ह्याच त्या बाई, ह्यांनीच दिली. तुम्ही दोघं एकमेकांची ओळख नसताना इतकं जुळवून खोटं बोललात की मला वाटलं, बहुतेक मीच चुकत असेन. तूच केली असशील. मी घरात झोपले असेन आणि मला स्वप्न पडलं असेल. किती सोपं होतं ताई. मी गप्प बसले असते तर मी सुटत होते. फक्त तो फलक तीन वर्षं तिथेच राहणार होता आणि खाली गुंडी चालायला शिकणार होती.

मी म्हटलं, "ती खोटं बोलते आहे. सही मी केली."

तू म्हणालीस, हिला काही कळत नाही मॅडम, शिक्षण कमी आहे हिचं. मला राग यायला हवा होता. पण तुझा आवाज कापत होता, तो मी पहिल्यांदा ऐकला.

मग मॅडमनी दोन कोरे कागद काढले आणि दोघींना सही करायला लावली. मी केली, तू केलीस. त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. कारकुनाला बोलावलं, त्याने दुसऱ्याला बोलावलं, पाणी घेऊन आलेला शिपाईसुद्धा वाकून बघून गेला. दोन्ही मांजरांनी एकाच ठिकाणी उडी मारली होती. मॅडम म्हणाल्या, अहो, तुम्ही माणसं दोन आहात ना नक्की.

मग त्यांनी तुला विचारलं, सही कुठे बसून केलीत. तू म्हणालीस, पुढच्या खोलीत, टेबलावर. फलकवाला म्हणाला, बरोबर, टेबलावर, बाईंनी चहासुद्धा दिला. ताई, ते टेबल तू गेल्यावर वाळवीने खाल्लं. मी ते गेल्या वर्षी लाकूडवाल्याला देऊन टाकलं. तुला कसं कळणार, तू आलीच नाहीस.

मी सांगितलं, टेबल नाही आमच्याकडे. पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवून केली. झाकणावर फुलांची उठलेली नक्षी आहे. कागद मागून बघा, मी पेन दाबून धरते.

मॅडमनी कागद उलटा केला, खिडकीशी तिरका धरला आणि मागून बोट फिरवत गेल्या. बोट फिरवता फिरवता थांबल्या. मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं, पण मी त्या झाकणावर रोज हात ठेवते, कुठे पाकळी येते मला माहीत आहे.

फलकवाला बसला.

मॅडम तुझ्याकडे वळल्या. त्यांनी जे विचारलं त्यासाठीच मी महिनाभर झोपले नव्हते. घर तुमचं, तुमच्या नावाची खोटी सही झाली आहे, बहिणीविरुद्ध तक्रार द्यायची का. मी गुंडीला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली. तू चष्मा काढलास, पुसलास, परत लावला नाहीस.

तू म्हणालीस, "तक्रार काय द्यायची. सही तिला मीच शिकवली."

त्यानंतर मॅडम किती तरी वेळ लिहीत होत्या. संमती मालकाची नाही, सबब गच्चीतला पाय पंधरा दिवसांत काढावा, फलक उतरवावा. माझ्याकडून सगळं माझ्या हाताने लिहून घेतलं. मी लिहीत असताना तू वरून बघत होतीस, एक शब्द चुकला तेव्हा तुझं बोट पुढे आलं आणि परत गेलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर मी कुणाला विचारत बसणार नाही. मी हो म्हटलं. तूही हो म्हणालीस, तुला कुणी विचारलं नव्हतं तरी.

खाली आल्यावर तू थेट स्टँडच्या दिशेने वळलीस. तुझी बस होती. जाताना गुंडीच्या पायाला एक बोट लावलंस, ताप बघतात तसं, आणि गेलीस. तुला जेवायला थांब म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, डाव्या बाजूने चाल, रिक्षा येतात.


२९ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. अडीच ओळी. मी त्या किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

फलक गेला. पंधराचे एकवीस दिवस लावले, पण गेला. आधी चित्र सोडवलं. झोपलेली बाई हळूहळू गुंडाळली गेली आणि टेम्पोत आडवी ठेवली, तिचा एक कान तेवढा बाहेर राहिला होता. गुंडी हात हलवत राहिली, टेम्पो कोपऱ्यावर वळला तरी. मग दोन दिवस पट्ट्या कापत होते, ठिणग्या संथ खाली यायच्या आणि जमिनीला लागायच्या आत विझायच्या. टेकडी परत दिसते. खरं सांगू का, मला वाटलं होतं तेवढी मोठी नाही ती. पण गुंडीने कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच बघितली, ती अर्धा तास खिडकी धरून उभी होती. वारा सुटतो आणि काहीच वाजत नाही. मी अजून मधेच उठून कान देते.

पत्रा बदलला, ह्यांच्या ओळखीच्या माणसाने घालून दिला. भोक पडलेला तुकडा मी भंगारात दिला, ठेवून काय करायचं.

तू लिहिलंस, शनिवारी येते, घराचे कागद काढून ठेव. कशासाठी ते लिहिलं नाहीस. मी काढून ठेवलेत. विकायचं असेल तर तसं तोंडावर सांग, मी ऐकून घेईन. दुसरं काही असेल तर तेही सांग. काही असलं तरी या वेळी मी स्वतः वाचल्याशिवाय कशावर काही करणार नाही. रोज अर्धं पान वाचते, गुंडी झोपली की. बोट ठेवून वाचते, लाज वाटत नाही. चतुःसीमा या शब्दापाशी दोन दिवस अडले, मग काकांना विचारलं. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं म्हणे. आपल्या पूर्वेला काय आहे माहीत आहे का? मोकळी जागा. तसंच लिहिलंय, बाबांच्या वेळेपासून. मला वाटायचं कागदात सगळं कठीणच असतं.

आणि तू विचारलंस, झोपायचं कुठे, स्वयंपाकघरात मावू का. स्वयंपाकघरात आता कुणी झोपत नाही. सोमवारपासून गुंडीची गादी परत वर नेली. पहिल्या दिवशी मी तिच्या अंगावर वाकूनच बसले होते, दुसऱ्या दिवशी जरा भिंतीला टेकले, काल माझाच डोळा लागला आणि उन्हं आली तरी दोघी झोपलेल्या. तुझं अंथरूण तिच्या शेजारी घातलंय, खिडकीच्या बाजूने. दुसरी जागा नाही. ती झोपेत लाथा मारते, आधीच सांगून ठेवते.